आफ्रिकेतील सेंद्रिय शेती आणि अल्पभूधारक महिला: श्रम तिचे, पण कसदार झालेली माती कोणाची?

ओंजळ

सर्वांना नमस्कार. आमच्या वाचन मंडळात पुढील महिन्यात मला आफ्रिकेतील अल्पभूधारक शेतकरी महिला आणि तेथील सेंद्रिय शेतीची चळवळ या विषयावर तासभर बोलायचे आहे. गेले तीन आठवडे मी मिळेल ते वाचते आहे, पण वाचनाने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढत चालला आहे, म्हणून येथे विचारते.

काही लेख ठामपणे सांगतात की सेंद्रिय शेती महिलांना सोयीची आहे, कारण तिच्यात विकतचे खत लागत नाही, फवारणीचे औषध लागत नाही, त्यामुळे कर्जही लागत नाही, आणि बियाणे राखण्याचे जे ज्ञान बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्याला तिथे मोल येते. दुसरे लेख तितक्याच ठामपणे सांगतात की खत कुजवणे, शेण वाहून नेणे, हाताने तण काढणे ही सगळी कामे अखेर बाईच्याच वाट्याला येतात आणि उत्पन्न मात्र घरातल्या पुरुषाच्या हाती जाते. दोन्ही बाजूंचे लोक प्रत्यक्ष गावांत राहून आलेले दिसतात, त्यामुळे कोणालाही खोटे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. त्यात ‘आफ्रिकेतील ६० ते ८० टक्के अन्न महिला पिकवतात’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक लेखात भेटते.

माझे विचारणे असे आहे: या दोन म्हणण्यांपैकी पुराव्याच्या जवळचे कोणते, आणि दोन्ही खरी असतील तर ती एकत्र कशी खरी असू शकतात? ज्यांचा या विषयाचा अभ्यास आहे किंवा ज्यांनी तेथील शेती डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रानवाट

ओंजळताई, त्या टक्केवारीचा निकाल आधी लावू. ‘६० ते ८० टक्के’ हा आकडा अनेक दशके एका अहवालातून दुसऱ्या अहवालात उतरत आला आहे, पण त्याच्या मुळाशी मोजणी नाही. एका शेतात घरातली चार माणसे राबतात, तेव्हा पिकलेल्या धान्यातला अमुक हिस्सा बाईने पिकवला असे वेगळे काढायचे कसे, हा साधा प्रश्नही त्यात सोडवलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ साली काढलेल्या अहवालात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत शेतीतल्या मनुष्यबळापैकी सुमारे निम्म्या स्त्रिया आहेत, एवढेच म्हटले आहे. पुढे जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी सहा देशांतील कुटुंबांकडून जमिनीच्या कोणत्या तुकड्यावर कोणी किती वेळ काम केले याची माहिती घेऊन हिशेब मांडला, तेव्हा पिकांवरच्या श्रमात स्त्रियांचा वाटा सरासरी ४० टक्के निघाला. त्यातही नायजरमध्ये तो २४ टक्के होता, तर युगांडात ५६ टक्के. व्याख्यानात सरासरीपेक्षा ही दोन टोके सांगा, म्हणजे ‘आफ्रिकेतील शेतकरी बाई’ अशी एकच बाई नाही हे श्रोत्यांना आपोआप कळेल.

दुसरी गोष्ट ‘सेंद्रिय’ या शब्दाची. आफ्रिकेत या एका शब्दाखाली दोन वेगळे प्रवाह वाहतात. एक निर्यातीसाठी प्रमाणपत्र घेतलेल्या शेतीचा. स्वीडनच्या मदतीने १९९७ ते २००८ या काळात पूर्व आफ्रिकेत चाललेल्या कार्यक्रमाने कॉफी, कापूस, कोको, अननस, व्हॅनिला अशा पिकांच्या हजारो लहान शेतकऱ्यांना युरोपच्या बाजाराशी जोडले, आणि युगांडा त्यात इतका पुढे गेला की तेथील प्रमाणित सेंद्रिय उत्पादकांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. दुसरा प्रवाह प्रमाणपत्राशी फारसा संबंध नसलेला. खत परवडत नाही किंवा जमीन दमली आहे म्हणून कंपोस्ट, आंतरपीक, झाडोरा यांचा आधार घेणाऱ्या आणि पिकलेले बहुतांश घरीच खाणाऱ्या कुटुंबांचा हा प्रवाह आहे. २००७ साली पूर्व आफ्रिकी समुदाय या तेथील देशांच्या संघटनेने सेंद्रिय उत्पादनांचे एक सामाईक मानक स्वीकारले आणि त्याला ‘किलिमोहाई’ ही खूण दिली. स्वाहिलीत ‘किलिमो हाई’ म्हणजे जिवंत शेती. या मानकाची एक चांगली बाजू अशी की स्थानिक बाजारापुरते शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देऊ शकतात, त्यामुळे परदेशी तपासनिसाची फी ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे अशा भाजी पिकवणाऱ्या बायकांनाही ही खूण लावता येते.

आपण वाचलेल्या लेखांतला एखादा पहिल्या प्रवाहाविषयी आणि एखादा दुसऱ्याविषयी बोलत असेल. आपला काही गोंधळ तिथेच मिटेल, सगळा मात्र मिटणार नाही.

तिफण

रानवाट यांनी पाया चांगला घातला आहे. मी पश्चिम आफ्रिकेतील कापसाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सेंद्रिय शेतीने बाईसाठी दार कसे उघडले हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते, आणि ते दार किती अरुंद आहे हेही तिथेच दिसते.

बुर्किना फासोमध्ये रासायनिक कापसाची घडी अशी बसलेली आहे की खत, कीटकनाशक आणि बियाणे शेतकऱ्यांच्या गटामार्फत उधारीवर मिळते, कापूस विकला की ती उधारी परस्पर वळती होते, आणि एखाद्याने फेडली नाही तर गटातल्या सर्वांवर तिचा भार पडतो. अशा गटात नाव लागते ते घराच्या कारभाऱ्याचे. ज्या बाईच्या नावावर जमीन नाही आणि जिची जोखीम गटातला कोणी घ्यायला तयार नाही, तिला ही उधारी मिळत नाही, आणि उधारीशिवाय तो कापूस लावता येत नाही. म्हणजे कापूस हे पुरुषाचे पीक ठरले ते रूढीपेक्षाही या उधारीच्या व्यवस्थेमुळे. २००४ पासून तेथील कापूस उत्पादकांच्या राष्ट्रीय संघाने एका स्विस संस्थेबरोबर सेंद्रिय कापूस सुरू केला, तेव्हा उधारीची ही पायरीच गळाली, आणि पाठोपाठ स्त्रिया स्वतःच्या नावाने नोंदणी करून, स्वतःच्या लहान तुकड्यावर कापूस लावून त्याचे पैसे स्वतः घेऊ लागल्या. रासायनिक कापसात ज्यांचे नाव कुठेही नव्हते, त्या सेंद्रिय कापसाच्या यादीत मोठ्या संख्येने आल्या. आपण वाचलेले पहिले म्हणणे अशा ठिकाणी अगदी खरे आहे.

शेजारच्या बेनिनमध्ये याला आणखी एक कारण जोडले गेले, ते विषबाधेचे. १९९९-२००० च्या हंगामात उत्तर बेनिनच्या बोर्गू भागात एंडोसल्फान या कीटकनाशकाच्या विषबाधेने किमान ३७ माणसे दगावल्याची नोंद आहे. कापसाचे औषध घरात ठेवणे, रिकामा डबा पाण्यासाठी वा धान्यासाठी वापरणे, कापसाच्या ओळींत घरच्यासाठी भाजी लावणे, अशा गोष्टींतून ते विष स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. ज्या बाईला मुलांच्या ताटात काय वाढायचे याची काळजी वाहायची असते, तिच्यासाठी सेंद्रिय कापूस ही भावापेक्षा आधी घराच्या सुरक्षिततेची बाब होते.

आता दाराच्या अरुंदपणाकडे येतो. तिला मिळालेला तुकडा बहुधा कारभाऱ्याने दिलेला असतो, पुष्कळदा लांबचा आणि दमलेला. उधारी नको हे खरे, पण शेणखत तर हवे, आणि शेणखत गुरांमागे येते, गुरे पुरुषांची असतात, गाडी आणि बैलही त्यांचेच. अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर उद्री यांनी १९९६ साली बुर्किना फासोतील गावांच्या नोंदी तपासून एक गोष्ट दाखवली, जी माझ्या मते आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. एकाच कुटुंबात, एकाच वर्षी, एकच पीक घेतले तरी स्त्रीच्या तुकड्यावर पुरुषाच्या तुकड्यापेक्षा बरेच कमी पिकत होते, आणि त्याचे कारण तिच्या कौशल्यात नव्हते. घरातले मनुष्यबळ आणि जवळजवळ सगळे शेणखत पुरुषांच्या तुकड्यांवर जात होते. त्याच घरातले तेच खत आणि तेच श्रम तुकड्यांमध्ये नीट वाटले असते, तर बाहेरून काहीही न आणता कुटुंबाचे एकूण उत्पन्न सुमारे सहा टक्क्यांनी वाढले असते, असा त्यांचा हिशेब होता.

म्हणून ‘सेंद्रिय शेतीला बाहेरून काही लागत नाही’ हे वाक्य मला नेहमी अर्धे वाटते. दुकानातून काही लागत नसेल, पण गोठ्यातून लागते, आणि गोठ्याची मालकी कोणाची हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही. युरिया घ्यायला बाईकडे पैसे नव्हते. आता शेणासाठी तिला नवऱ्याची किंवा दिराची परवानगी लागते. पहिली अडचण गेली म्हणून दुसरी आपोआप जात नाही.

ओंजळ

तिफण, गोठ्याचे हे बोलणे मी टिपणात जसेच्या तसे घेणार आहे. आता श्रमांविषयी कोणी लिहील का? ‘बायकांचे काम वाढले’ असे सगळे म्हणतात, पण कोणते काम, वर्षाच्या कोणत्या वेळी आणि किती वर्षे, हे मला कुठेच नीट वाचायला मिळालेले नाही.

मचाण

मी काही वर्षे पश्चिम केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात राहत होते. माझे काम शेतीशी संबंधित नव्हते, पण घराशेजारच्या शेतकरी बाईंशी स्नेह जुळला आणि सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या ‘शाम्बा’त, म्हणजे शेतात, जात असे. त्या बाईंचा कंपोस्टचा ढीग मला आजही डोळ्यांपुढे दिसतो. तळाशी जाडसर काटक्या, त्यावर मक्याची ताटे, मग हिरवा पाला, शेण, थोडी राख, वरचेवर पाणी, आणि मधोमध तिरकी खुपसलेली एक लांब टोकदार काठी. दर काही दिवसांनी त्या ती काठी उपसून टोकाला तळहात लावत. काठी गरम लागली तर ढीग चालू आहे, थंड लागली तर काहीतरी चुकले, आणि टोकावर पांढरी बुरशी आली असेल तर आत पाणी कमी पडले. दुसरे कोणतेही यंत्र त्यांच्याकडे नव्हते आणि त्याची गरजही नव्हती.

पण ते पाणी ओढ्यावरून डोक्यावर येत असे. ढीग सहा-सात आठवड्यांत दोनदा उलथावा लागे, आणि तयार झालेले खत दोन वाफ्यांना जेमतेम पुरे. पावसाच्या तोंडावर पेरणी, पहिली खुरपणी, सरपण आणि लहान मूल हे सगळे एकाच पंधरवड्यात येई, आणि नेमके तेव्हाच खत शेतात नेऊन पसरायचे असे. सेंद्रिय शेतीत काम वाढते असे ढोबळ म्हणण्यापेक्षा, ज्या दिवसांत बाईला उसंत नसते त्याच दिवसांत ते येऊन पडते असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते.

काही पद्धती मात्र पहिल्या वर्षानंतर काम कमीही करतात. केनियातील कीटकशास्त्र संस्थेने इंग्लंडमधील रोथॅमस्टेड संशोधन केंद्राबरोबर विकसित केलेली ‘पुश-पुल’ पद्धत त्याच परिसरातली. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम ही द्विदल वनस्पती लावतात आणि शेताच्या कडेने नेपिअर गवत. डेस्मोडियमच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर जातात, नेपिअर त्यांना आपल्याकडे ओढते, आणि डेस्मोडियमच्या मुळांतून पाझरणारी द्रव्ये टारफुला या मक्याच्या मुळांवर जगणाऱ्या तणाला वर येऊ देत नाहीत. टारफुला उपटत बसणे हे तिकडे मुख्यतः बायकांचे काम, आणि उपटला तरी तोवर त्याने मक्याच्या मुळांतून हवे ते शोषलेले असते. डेस्मोडियम एकदा बसले की काही वर्षे टिकते, जमिनीत नत्र साठवते आणि वर चाराही देते, म्हणजे खुरपणीचे कष्ट खरोखर हलके होतात. पहिल्या हंगामात मात्र ते बारीक बी पेरणे आणि कोवळे रोप तणापासून सांभाळणे फार जिकिरीचे असते. आमच्या शेजारीण बाईंनी तो पहिला हंगाम दोन बहिणींच्या मदतीने निभावला. ज्यांना अशी मदत नव्हती त्यांनी अर्ध्यावर सोडलेलेही मी पाहिले आहे.

श्रमांचा प्रश्न ज्यांनी खरोखर हाताळला अशी दोन उदाहरणे देते. उत्तर मलावीतील एक्वेंडेनी येथे २००० साली तेथील रुग्णालयाच्या पुढाकाराने एक प्रकल्प सुरू झाला, ज्यात तूर आणि भुईमूग यांसारखी द्विदल पिके एकत्र घेऊन त्यांचा पालापाचोळा जमिनीत गाडायचा, म्हणजे जमीनही सुधारते आणि लहान मुलांच्या आहारात प्रथिनेही वाढतात, अशी कल्पना होती. थोड्याच काळात ध्यानात आले की पाला गाडण्याचे काम बायकांवर पडते आहे आणि काही घरांत शेंगा विकून आलेले पैसे पुरुष खर्च करत आहेत. प्रकल्पाने शेतीचे प्रशिक्षण वाढवण्याऐवजी ‘पाककृतींचे दिवस’ सुरू केले. गावातले पुरुष आणि स्त्रिया एकत्र जमून द्विदल धान्यांचे पदार्थ रांधत, चाखत, आणि त्या निमित्ताने मुलांना कोण भरवते, काम कोण करते, पैसे कोण ठेवते यावर बोलत. पुरुषाने चुलीपाशी बसून ढवळणे ही तिथे साधी गोष्ट नव्हती. शेतीच्या कार्यक्रमाला स्वयंपाकाची गरज पडावी, यातच या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते.

दुसरे उदाहरण युगांडाच्या कासेसे जिल्ह्यातले, र्‍वेंझोरी पर्वताच्या उतारावरचे. तिथे ‘बुकोंझो जॉइंट’ ही कॉफी उत्पादकांची सहकारी संस्था आहे आणि तिच्या सभासदांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. तिथली एक अडचण ऐका: कॉफीची फळे पूर्ण लाल झाल्यावर तोडायची असतात, तरच दर मिळतो. पण अनेक घरांत नवरा आणि बायको एकमेकांच्या नकळत हिरवी फळेच तोडून विकत, कारण पिकेपर्यंत थांबले तर दुसऱ्याने नेली असती. म्हणजे कॉफीचा दर्जा घसरण्याचे कारण घरातला अविश्वास हे होते. संस्थेने सभासदांना चित्रे काढायला लावली. एका कागदावर झाड काढायचे. मुळांशी एका बाजूला बाई करते ती कामे, दुसऱ्या बाजूला पुरुष करतो ती, मधे दोघे मिळून करतात ती. आणि फांद्यांवर कोण कशावर खर्च करते ते. अक्षरओळख नसलेल्यांनाही हे जमते. ज्या घरातल्या झाडाची मुळे एका बाजूला दाट आणि फांद्या दुसऱ्याच बाजूला भरलेल्या, त्या घराला कोणी वेगळे सांगावे लागत नाही. हळूहळू तिथे फळे पिकेपर्यंत थांबणे, पैशाचा हिशेब दोघांनी मिळून करणे आणि जमिनीच्या करारावर दोघांची नावे घालणे या गोष्टी अनेक घरांत रुजल्या.

काळी_माती

मचाणताईंच्या शेवटच्या वाक्यातल्या जमिनीच्या कराराचा धागा मी पुढे नेतो, कारण ओंजळताईंची दोन्ही म्हणणी जिथे एकत्र येतात ती जागा हीच आहे.

रासायनिक खत टाकले की फळ त्याच हंगामात मिळते. कंपोस्ट, झाडे, द्विदल पिके, बांध, जमीन पडीक ठेवून तिला विसावा देणे, या सर्वांचे फळ तीन, पाच, दहा वर्षांनी पदरात येते. म्हणून सेंद्रिय शेती करणारी व्यक्ती खरे तर मातीत ठेव ठेवत असते. दहा वर्षांनी ती जमीन जिच्याकडे राहील याची खात्री नाही, तिने ही ठेव का ठेवावी? आणि ठेवलीच तर ती कोणाच्या नावाने जमा होते?

घानाच्या आग्नेय भागातील अक्वापिम येथे मार्कस गोल्डस्टीन आणि उद्री यांनी नेमके हे तपासले. मका आणि कसावा घेणाऱ्या तेथील शेतकऱ्यांना जमीन काही वर्षे पडीक ठेवली की तिचा कस परत येतो हे पुरते ठाऊक आहे. पण पडीक दिसणारी जमीन कुळातल्या दुसऱ्या कोणाला दिली जाण्याची भीती असते. गावाच्या पारंपरिक सत्तेत ज्यांना मानाचे स्थान आहे ते निर्धास्तपणे जमीन पडीक ठेवत होते. ज्यांना ते नाही ते धास्तीने दरवर्षी पेरत होते, आणि असे स्थान बहुतेक स्त्रियांकडे नव्हते. त्यामुळे नवऱ्याच्या आणि बायकोच्या पिकांत जो मोठा फरक दिसत होता, त्याचे स्पष्टीकरण पडीक ठेवण्याच्या या काळात सापडले. ती जमिनीला विसावा देत नव्हती याचा अर्थ तिला ज्ञान नव्हते असा नाही. जमीन हातची जाऊ नये म्हणून तिला तसे करावे लागत होते.

गांबियाची हकिकत याहून चटका लावणारी आहे. नदीच्या उत्तर तीरावर, दुष्काळाच्या वर्षांत भाताने दगा दिला तेव्हा, बायकांनी भाजीपाल्याचे मळे उभे केले. रोज सकाळ-संध्याकाळ विहिरीतून पाणी ओढून शिंपलेले ते मळे पुढे घरखर्चाचा मोठा भाग उचलू लागले. जमीन मात्र पुरुषांच्या घराण्यांची. १९८० च्या दशकात पर्यावरणाच्या नावाने वृक्षलागवडीसाठी परदेशी मदत येऊ लागली, तेव्हा जमीनमालकांनी त्याच मळ्यांत आंबा आणि इतर फळझाडे लावली. कोवळ्या झाडांना पाणी घातले बायकांनी, कारण त्या रोज तिथे होत्याच. झाडे वाढली, सावली पडली, सावलीत कांदा-टोमॅटो येईनात, आणि मळा हळूहळू झाडे ज्यांची होती त्यांचा झाला. काही ठिकाणी बायकांनी फांद्या छाटून, प्रसंगी झाडे मारूनसुद्धा आपल्या वाफ्यांवरचे ऊन राखले. शेतात झाडे लावणे चांगलेच, हे मीही मानतो. पण आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात झाड लावणे म्हणजे जमिनीवर हक्क सांगणे, म्हणूनच अनेक ठिकाणी बाईला झाड लावू देत नाहीत. शेतात झाडे वाढवा असा सल्ला देणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाने आधी झाड कोणाचे ठरणार हे विचारले पाहिजे.

इथिओपियाची तुलना व्याख्यानात फार उपयोगी पडेल. उत्तरेकडील टिग्राय प्रांतात १९९६ पासून कंपोस्टचा एक गाजलेला प्रयोग झाला, आणि कंपोस्ट घातलेल्या शेतांतले पीक काहीही न घातलेल्या शेतांच्या सुमारे दुप्पट आले. पण तिथे औत धरणे हे पुरुषाचेच काम मानतात. बैल आणि कर्ता पुरुष नसलेल्या घरातली बाई जमीन अर्धेलीने दुसऱ्याला कसायला देते, आणि मग तिने बनवलेल्या कंपोस्टाने वाढलेल्या पिकातला मोठा वाटा औतवाला घेऊन जातो. त्याच टिग्रायमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस जमिनीची प्रमाणपत्रे दिली गेली ती कुटुंबप्रमुखाच्या नावाने. काही वर्षांनी शेजारच्या अम्हारा प्रांतात तेच काम झाले, तेव्हा प्रमाणपत्रावर पती-पत्नी दोघांची नावे घातली गेली आणि दोघांची छायाचित्रेही चिकटवली गेली. कागदावरचे छायाचित्र ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण वाचता न येणाऱ्या बाईला त्यावर आपला चेहरा ओळखता येतो, आणि वाद झाला तर तो कागद ती पंचांपुढे धरू शकते.

कायद्यांची यादी देत बसत नाही. १९९० नंतर बहुतेक देशांनी चांगले कायदे केले आहेत. रवांडाने १९९९ मध्ये मुलींना वारसाहक्क दिला आणि २००९ नंतर साऱ्या देशाची जमीन नोंदवली. तरीही ज्या बायकांचे लग्न सरकारदरबारी नोंदलेले नव्हते त्यांचा हक्क कच्चाच राहिला.

रानवाट

जमिनीबद्दल काळी_माती यांच्याशी पूर्ण सहमत आहे. चळवळीविषयी थोडे जोडतो, कारण ओंजळताईंच्या प्रश्नात तो शब्द आहे आणि आतापर्यंतच्या उत्तरांत स्त्रिया मुख्यतः सोसणाऱ्या म्हणूनच आल्या आहेत.

सरकारी आणि संस्थात्मक बाजू थोडक्यात अशी: २००९ मध्ये कंपाला येथे पहिली आफ्रिकी सेंद्रिय परिषद झाली, २०१० मध्ये आफ्रिकी संघाने सेंद्रिय शेतीला पाठिंबा देणारा निर्णय घेतला, २०१२ मध्ये लुसाका येथे देशोदेशींच्या संघटनांचे एकत्रित जाळे उभे राहिले. या बैठकांतल्या व्यासपीठांवर पुरुषच अधिक होते.

स्त्रियांनी स्वतः उभे केलेले काम याला समांतर चालले आहे. २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील लिम्पोपो येथे ग्रामीण महिला सभा स्थापन झाली आणि ती दक्षिणेकडील अनेक देशांत पसरली. २०११ पासून पश्चिम आफ्रिकेत ‘आम्हीच उत्तर आहोत’ अशा अर्थाचे फ्रेंच नाव घेतलेली महिलांची मोहीम चालू आहे. सेनेगलच्या कासामांस भागातल्या मारियामा सोन्को तिचे नेतृत्व करतात. कासामांसमध्ये भातशेती ही परंपरेने बायकांची; तिथे आफ्रिकेचा स्वतःचा भात, जो आशियाई भाताहून वेगळ्या जातीचा आहे, तो बायकांच्या कणग्यांमुळे टिकला आहे. झिम्बाब्वेच्या एलिझाबेथ म्पोफू या तर २०१३ मध्ये ‘ला विया काम्पेसिना’ या शेतकऱ्यांच्या जागतिक चळवळीच्या समन्वयक झाल्या आणि तिचे मुख्यालय हरारेला आले. या सर्वांच्या मागण्यांत बियाणे आणि जमीन नेहमी एकत्र येतात. सेंद्रिय पद्धत शिकवा अशी त्यांची मागणी क्वचितच असते, कारण ती त्यांना येते.

निर्यातीच्या बाजूने आणखी एक घडामोड लक्षात घ्या. युरोपीय संघाचा नवा सेंद्रिय नियम २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार गट-प्रमाणपत्र, म्हणजे अनेक लहान शेतकऱ्यांचे मिळून एकच प्रमाणपत्र, घेणारा गट स्वतंत्र कायदेशीर संस्था असला पाहिजे आणि त्यात २,००० पेक्षा जास्त सभासद नसावेत. पूर्वी निर्यातदार कंपनी स्वतःच्या नावाने प्रमाणपत्र घेई आणि शेतकऱ्यांची यादी तिच्या दप्तरात असे. आता गट शेतकऱ्यांचाच असायला हवा. यात खर्च आणि कागदपत्रांचा त्रास मोठा आहे, पण नव्याने सभासद-नोंदणी होत असताना यादीत बाईचे नाव घालायचे की नवऱ्याचे, हा निर्णयही पुन्हा घ्यावा लागतो. जिथे यादी नवऱ्याच्या नावाने होते तिथे जादा दर, प्रशिक्षण आणि मतदान हे तिन्ही त्याच्याकडे जाते, शेतात कोणीही राबो.

ओंजळ

आपण सर्वांनी एवढ्या तळमळीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मला वाटत होते की मला दोन म्हणण्यांपैकी एक निवडायचे आहे. आता दिसते की सेंद्रिय शेती पैशाची अट काढून टाकते म्हणून पहिले म्हणणे खरे, आणि शेण, वेळ व जमीन यांच्या अटी तशाच ठेवते म्हणून दुसरेही खरे. मी व्याख्यानाची मांडणी बदलून काठी, कॉफीचे झाड आणि छायाचित्राचे प्रमाणपत्र या तीन वस्तूंभोवती करणार आहे.

मचाणताई, एकच शंका उरली. बुकोंझोच्या त्या चित्रांत पुरुषांनी भाग का घेतला असेल? त्यांचे तर त्यात नुकसानच होते.

मचाण

आपली शंका रास्त आहे. मी बुकोंझोला गेलेली नाही, जे वाचले आणि तेथून आलेल्यांकडून ऐकले त्यावरून सांगते. पुरुषांना कोणी समानतेवर व्याख्यान दिले नव्हते. सुरुवात कॉफीच्या दरापासून झाली. हिरवी आणि लाल फळे शेजारी ठेवून दोहोंचा हिशेब मांडला, की चोरून तोडल्याने दोघांचेही नुकसान होते हे पुरुषालाही दिसे. झाडाचे चित्र त्यानंतर आले आणि तेही प्रत्येकाने आपल्या घराचे स्वतःच काढायचे होते, त्यामुळे कोणी बाहेरचा येऊन दोष देतो आहे अशी भावना झाली नाही. शिवाय ज्या पुरुषांच्या घरात बदल झाला त्यांनीच इतर पुरुषांना हे शिकवले.

माझ्या शेजारीण बाईंकडे अशी कोणतीही संस्था आली नव्हती. मी तेथून निघाले त्या वर्षी त्यांचे डेस्मोडियम चांगले दाट झाले होते आणि त्यांच्या दिराने त्या तुकड्याची मोजणी करून घ्यायची भाषा सुरू केली होती. त्या रोजच्यासारख्या काठी उपसून पाहत होत्या आणि मला विचारत होत्या की जमिनीच्या कार्यालयात जायचे तर सोबत कोणते कागद न्यावे लागतात.